पाठ दाखवताना पाय कुठे ठेवायचा?



आपल्या भाषेत पाठ दाखवणं म्हणजे पळ काढणं. आखाड्यात पाठ टेकली की कुस्ती गेली. पाठीशी आपल्या मनात असा पराभव कायमचा जोडलेला आहे. शरीरसौष्ठवाच्या मंचावर मात्र पाठ दाखवावीच लागते, तीही दोन वेळा. आणि जिममध्ये वावरलेली मंडळी सांगतात की दोन तुल्यबळ स्पर्धकांचा निकाल बहुधा पाठमोऱ्या पोझमध्येच लागतो.

आजचा आपला विषय त्या पाठीच्याही खाली आहे. स्पर्धक पाठमोरा उभा राहतो, दंडाच्या बेटकुळ्या काढतो, टाळ्या पडतात. पण हात वर जाण्याआधी त्याने एक गोष्ट गुपचूप केलेली असते. एक पाय मागे घेऊन चवड्यावर टेकवलेला असतो, टाच उचललेली असते आणि पोटरी आवळलेली असते. थोड्या वेळाने तो पुन्हा पाठमोरा होतो, या वेळी हात कमरेवर ठेवून पाठ पंख्यासारखी रुंद करतो, आणि आता दुसरा पाय मागे आलेला असतो. हा पाय मागे का येतो? टाच का उचलायची? आणि दुसऱ्या पोझला पाय बदलायचा कशासाठी? या तीन साध्या प्रश्नांच्या मागे बराच मोठा इतिहास आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं की हा इतिहास म्हणजे लपवणं आणि दाखवणं यांच्यातली ओढाताण आहे. पोटरी हा शरीराचा सहज लपवता येणारा भाग होता; तो दाखवणं भाग पडावं म्हणून पायाची ही ठेवण नियमात आली.

आधी नियम पाहू. आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघ, म्हणजे आयएफबीबी, ही संस्था बेन आणि जो वीडर या बंधूंनी १९४६ मध्ये सुरू केली. तिच्या नियमांत पुरुषांच्या शरीरसौष्ठवासाठी सात सक्तीच्या पोझ आहेत. त्यांतल्या दोन पाठमोऱ्या: बॅक डबल बायसेप्स आणि बॅक लॅट स्प्रेड. पहिल्या पोझमध्ये एक पाऊल मागे घेऊन बोटांवर टेकवायचं आणि हात, खांदे, पाठ यांच्याबरोबर मांडी आणि पोटरीही आवळायची, असं सांगितलं आहे. दुसऱ्या पोझच्या वर्णनात आणखी एक सूचना येते. आधीच्या पोझमध्ये जी पोटरी दाखवली तिच्या विरुद्ध बाजूची पोटरी आता दाखवण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे परीक्षकांना दोन्ही पोटऱ्या सारख्याच तपासता येतील. नियमपुस्तकातलं हे एक साधं वाक्य, पण एका पोटरीवर विश्वास ठेवू नका, दुसरीही मागून घ्या, असं ते परीक्षकाला सांगतं.

असं सांगावं का लागलं, हे समजण्यासाठी पोटरीच्या आत डोकवावं लागेल. आपण ज्याला एक गोळा समजतो ते मुख्यतः दोन स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस. त्याला आतल्या बाजूचं एक आणि बाहेरच्या बाजूचं एक अशी दोन डोकी असतात, आणि आतलं डोकं बाहेरच्यापेक्षा थोडं खालपर्यंत उतरतं. त्याच्या खाली दडलेला चपटा स्नायू म्हणजे सोलियस. दोघेही ॲकिलीस नावाच्या जाड कंडरेतून टाचेच्या हाडाला जोडले जातात. फरक इतकाच की गॅस्ट्रोक्नेमियस सुरू होतो गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून. सोलियस सुरू होतो गुडघ्याच्या खालून. म्हणजे वरचा स्नायू दोन सांधे ओलांडतो, खालचा एकच.

याचा परिणाम तुम्ही बसल्या जागी तपासू शकता. खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात ठेवा, टाच उचला आणि पोटरी हाताने चाचपून पाहा. मग उभे राहून, पाय सरळ ठेवून, तेच करा. बसलेलं असताना वरचा गोळा त्यामानाने मऊ लागेल, उभं राहिल्यावर दगडासारखा. गुडघा वाकला की गॅस्ट्रोक्नेमियसचं वरचं टोक सैल पडतं, मग टाच कितीही उचलली तरी तो पुरेसा आवळत नाही. मंचावरच्या पाठमोऱ्या पोझचं सगळं गणित इथे आहे. मांडीची मागची बाजू दाखवायला गुडघा थोडा वाकवावा लागतो. पोटरीचा गोळा दाखवायला गुडघा शक्य तितका सरळ हवा. एकाच पायाकडून या दोन परस्परविरोधी मागण्या आहेत. म्हणून अनुभवी स्पर्धक गुडघ्यात अगदी थोडासा वाक ठेवतो, चवडा जमिनीत रोवल्यासारखा दाबतो, आणि टाच किंचित आत किंवा बाहेर फिरवून दोन डोक्यांमधली रेघ उजेडात आणतो. पाऊल फार लांब गेलं तर तोल जातो, कंबर फिरते आणि वर खांदे एका पातळीत राहत नाहीत. पायाची चूक पाठीत दिसते ती अशी.

आता उभ्या पायाचं पाहा. त्याची टाच जमिनीला टेकलेली असते. टाच खाली म्हणजे पोटरी लांबलेली. ती आवळली तरी तिचा गोळा वर चढत नाही. म्हणजे एका पाठमोऱ्या पोझमध्ये खऱ्या अर्थाने एकच पोटरी दिसते. डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक असलेला स्पर्धक दोन्ही वेळा उजवाच पाय मागे घेऊन सहज निसटू शकला असता. ही पळवाट बुजवण्यासाठीच ते वाक्य आहे.

ही ठेवण आली कुठून? त्यासाठी आपल्याला इटलीत, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात जावं लागेल. तिथे पोम्पेईत सापडलेला एक संगमरवरी पुतळा आहे: डोरिफोरस, म्हणजे भालाधारी. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात घडवलेल्या कांस्यमूर्तीची ही रोमन प्रतिकृती. भालाधारी उजव्या पायावर भार देऊन उभा आहे, आणि डावा पाय मागे, टाच उचललेली, फक्त चवडा टेकलेला. पाठमोऱ्या पोझमधल्या पायाची हीच रेषा. पण एक फरक लक्षात घ्या. भालाधाऱ्याचा मागचा पाय विसावलेला आहे. तो चालता चालता थांबल्यासारखा वाटतो. मंचावरच्या स्पर्धकाचा मागचा पाय रूपाने तसाच, पण आतून पूर्ण ताणलेला. आकार शिल्पाचा, जोर व्यायामशाळेचा.

त्याच संग्रहालयात दुसरा पुतळा आहे, फार्नेसे हर्क्युलिस. लिसिपसच्या मूळ कृतीवरून ग्लायकॉनने घडवलेला हा प्रचंड पुतळा १५४६ मध्ये रोममधल्या काराकालाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत सापडला. थकलेला हर्क्युलिस गदेवर रेलून उभा आहे. समोरून पाहणाऱ्याला तो का थकला हे कळत नाही. पाठीमागे गेलं तर दिसतं की त्याने उजवा हात मागे नेला आहे आणि त्या हातात हेस्परिडीजच्या बागेतली सफरचंदं आहेत. म्हणजे पराक्रमाचा पुरावा पाठीमागे लपवलेला. हा पुतळा पाठीमागून पाहिल्याशिवाय पूर्ण कळतच नाही.

आणि पोटऱ्यांची गंमत पुढे आहे. पुतळा सापडला तेव्हा त्याला पाय नव्हते. गुल्येल्मो देल्ला पोर्ता या शिल्पकाराने नवे पाय करून बसवले. नंतर मूळ पाय सापडले, तरी नवे पायच राहू द्यावेत असा सल्ला मायकेलँजेलोने दिला, अशी कथा सांगितली जाते. मूळ पाय पुतळ्याला लागले ते थेट १७८७ मध्ये. मधली दोनशेहून जास्त वर्षं युरोपने ज्या पोटऱ्यांना पुरातन समजून मान दिला त्या सोळाव्या शतकातल्या होत्या. डच कलाकार हेंड्रिक गोल्ट्झियसने १५९० च्या सुमारास रोममध्ये हा पुतळा पाहिला आणि त्याचं कोरीव चित्र केलं, तेही पाठीमागून. खाली दोन छोटी माणसं मान वर करून पाहताहेत आणि आपल्याला हर्क्युलिसची अजस्र पाठ, नितंब आणि पोटऱ्या दिसतात. हे चित्र त्याच्या मृत्यूनंतर १६१७ मध्ये छापलं गेलं. पाठमोरं शरीर, आणि त्या शरीराचा पाया म्हणून पोटऱ्या, अशी नजर घडवणाऱ्या चित्रांत त्याची गणना करायला हरकत नाही. आणि त्यातल्या पोटऱ्या मूळच्या नव्हत्या! पोटरीच्या बाबतीत नेमकं खरं काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे म्हणा.

याच पुतळ्यांच्या नकला करत युजेन सँडो पुढे आला. जन्म १८६७ चा, प्रशियातल्या क्यूनिग्सबर्गचा. शक्तीचे खेळ करणारे पहिलवान आधीही होते. पण नुसतं उभं राहून शरीर दाखवणं हाच खेळ होऊ शकतो, हे सँडोने रंगमंचावर आणि छायाचित्रांत सिद्ध केलं. फार्नेसे हर्क्युलिसच्या पोझमधली त्याची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. १४ सप्टेंबर १९०१ रोजी त्याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठी स्पर्धा भरवली. परीक्षक तिघे: स्वतः सँडो, शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल. परीक्षकांत एक शिल्पकार असणं हे फार बोलकं आहे. नुसत्या मोठ्या स्नायूंना बक्षीस मिळणार नाही, शरीराचा सगळा विकास, त्याचा समतोल, त्वचा आणि आरोग्य हे सारं पाहिलं जाईल, असं सँडोने आधीच जाहीर केलं होतं. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे जिंकला.

समतोलाची भाषा इथे आली खरी. पण ते साठ स्पर्धक मंचावर आले ते काळ्या घट्ट तुमानी आणि बिबट्याचं कातडं घालून. पाय झाकलेले! समतोल मागायचा आणि अर्धं शरीर कापडात ठेवायचं, अशी ती विसंगती होती. तुमानीतून आकार कळतो, पण दोन स्नायूंमधली रेघ कळत नाही. पोटरीचं खरं परीक्षण व्हायला तो पाय आधी उघडा पडायला हवा होता.

सँडोचा आपल्याशीही संबंध आला. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवून त्याच्या पद्धतीने सुमारे दहा वर्षं नेमाने व्यायाम केला होता. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचे मोठे प्रचारक झाले. पोटरीच्या दृष्टीने ही दोन टोकं आहेत. सूर्यनमस्कारात नितंब वर उचलून टाचा जमिनीकडे नेताना पोटरी ताणली जाते, लांब होते, आणि ते पाहायला समोर कुणी परीक्षक नसतो. आपल्या तालमीतल्या बैठकाही चवड्यांवर येतात. पहिलवानाच्या पोटऱ्या त्यातून आपोआप भरतात. पण त्या कुस्तीत पाय रोवण्यासाठी. पोटरी दाखवण्यासाठी कमवायची, ही कल्पना दुसऱ्या वाटेने आली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ती कल्पना पक्की झाली. १९४७ चा मिस्टर अमेरिका स्टीव्ह रीव्हज याचं नाव घेतलं की एक मोजमाप सांगितलं जातं: दंड, मान आणि पोटरी यांचा घेर सारखा हवा. म्हणजे पोटरी आता दंडाच्या बरोबरीला आली. दंड वाढवायला कुणाला सांगावं लागत नाही. आरशात तो रोज दिसतो. पोटरीसाठी मात्र माप घ्यावं लागतं. १९५० मध्ये लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत रीव्हज पहिला आणि रेग पार्क दुसरा आला. पुढच्याच वर्षी पार्क जिंकला आणि १९५८ व १९६५ मध्येही त्याने तो किताब मिळवला. पार्क प्रसिद्ध होता तो एकूण भरदार बांध्यासाठी आणि विशेषतः पोटऱ्यांसाठी. १९६१ मध्ये तो पडद्यावर हर्क्युलिस झाला, आणि ऑस्ट्रियातला एक पोरगा त्याला देव मानू लागला.

तो पोरगा म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर. १९६६ मध्ये लंडनला मिस्टर युनिव्हर्समध्ये तो चेट यॉर्टनच्या मागे दुसरा आला. छाती आणि दंड यांत अर्नोल्ड कुणाला ऐकणारा नव्हता. उणे होते ते पाय, त्यातही पोटऱ्या. त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे की सुरुवातीच्या काळात छायाचित्रं काढताना तो पाण्यात उभा राहून पोटऱ्या झाकत असे. मग दक्षिण आफ्रिकेत रेग पार्कबरोबर व्यायाम करताना, पहाटे उठून पार्क पोटऱ्यांसाठी किती वजन घेतो हे त्याने पाहिलं. परत आल्यावर त्याने व्यायामाच्या पँटचे पाय गुडघ्याखाली कापून टाकले. जिममधल्या प्रत्येकाला त्याच्या बारीक पोटऱ्या दिसाव्यात आणि त्या लाजेने त्याने त्यावर आधी मेहनत घ्यावी, म्हणून. १९६७ मध्ये तो मिस्टर युनिव्हर्स झाला, १९७० पासून मिस्टर ऑलिम्पिया.

ही गोष्ट प्रेरणेची म्हणून जिमच्या भिंतींवर लागते. आम्हाला ती इतिहास म्हणून महत्त्वाची वाटते. लपवण्याकडून दाखवण्याकडे जो प्रवास नियमाने स्पर्धकांवर लादला, तो अर्नोल्डने स्वतःवर लादून घेतला. १९७७ च्या 'पम्पिंग आयर्न' या माहितीपटाची सुरुवात आठवा: अर्नोल्ड आणि फ्रँको कोलंबू बॅले शिकताहेत. पाऊल कुठे ठेवायचं, भार कुठे घ्यायचा, हे वजन उचलून येत नाही, ते वेगळं शिकावं लागतं, याची ती कबुली होती.

पण मंडळी, इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. पोटरीचा मांसल भाग किती खाली येतो आणि कंडरा किती लांब, हे बहुतांशी जन्मतःच ठरतं. व्यायामाने स्नायू जाड होतो. कंडरेचं मांस होत नाही. १९८२ चा मिस्टर ऑलिम्पिया क्रिस डिकरसन हिऱ्याच्या आकाराच्या पोटऱ्यांसाठी नावाजला गेला. दुसरीकडे रॉनी कोलमनने १९९८ ते २००५ सलग आठ वेळा तो किताब जिंकला. त्याच्या पाठीला तोड नव्हती, पोटऱ्यांबद्दल मात्र तसं कुणी म्हणत नसे. मग जे कमावता येत नाही ते मोजायचं कशाला?

आम्हाला याचं उत्तर असं दिसतं. बॅक डबल बायसेप्समध्ये परीक्षकाने हातांपासून सुरुवात करून खाली उतरत जायचं असतं: दंड, खांदे, पाठ, कंबर, नितंब, मांडी आणि सगळ्यात शेवटी पोटरी. पोटरी एकटी निकाल ठरवत नाही, कोलमन त्याचा पुरावा आहे. पण नजर पोटरीपर्यंत पोहोचलीच पाहिजे. जे उणं आहे ते उणं म्हणून दिसलं पाहिजे. त्याची भरपाई पाठीने केली तर तो त्या पाठीचा मान. उणं लपवून मिळवलेला समतोल मात्र खोटा. म्हणूनच शरीराचा आकार बदलणारे कृत्रिम रोपण किंवा द्रवाची टोचणी आयएफबीबीच्या नियमांत निषिद्ध आहे. स्नायू आवळला की त्याचा आकार बदलतो, मांस वर चढतं, रेघा उमटतात. रोपणाचा गोळा टाच उचलण्याआधी जसा असतो तसाच नंतरही राहतो. तेव्हा पोटरी नुसती दाखव असं न म्हणता आवळून दाखव असं म्हणण्यात एक तपासणी आहे.

आणखी एक गोष्ट. पाठमोऱ्या पोझमध्ये स्पर्धकाला काहीच दिसत नाही. ना परीक्षकांचे डोळे, ना शेजारचा, ना स्वतःची पाठ, ना पोटरी. समोरच्या पोझ तो आरशात घोटून घोटून बसवतो. पाठीसाठी त्याला दुसऱ्या माणसाचे डोळे लागतात: गुरूचे, जोडीदाराचे. 'टाच अजून वर, गुडघा कमी वाकव, डावा दाखवलास, आता उजवा,' असं कुणीतरी मागून सांगावं लागतं. आणि मंचावर त्या क्षणी, स्पर्धेआधी पाणी कमी केलेलं असताना, आवळलेल्या पोटरीत गोळा येण्याची भीती घेऊन तो उभा असतो. शरीर इतकं उघडं आणि नजर इतकी बंद, अशी अवस्था दुसऱ्या कुठल्या खेळात फारशी सापडत नाही.

आपल्याकडे गावोगावी 'श्री' किताबाच्या स्पर्धा भरतात. जिममध्ये मुलं छाती आणि दंड यांवर तासन्‌तास घालवतात, पायांच्या दिवशी मात्र काहीतरी काम निघतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आरसा जे दाखवतो तेच माणूस घडवतो. म्हणून पुढच्या वेळी अशा स्पर्धेला गेलात तर एक करा. 'बॅक डबल बायसेप्स' अशी हाक आली, सगळे हात वर गेले आणि टाळ्या सुरू झाल्या, की तुम्ही नजर खाली न्या. कुठला पाय मागे आला ते लक्षात ठेवा. मग 'बॅक लॅट स्प्रेड'ला तोच पाय आला की दुसरा, ते पाहा. तोच आला, तर तो स्पर्धक नियम विसरला असेल, किंवा त्याला काहीतरी तुमच्यापासून दूर ठेवायचं असेल. दुसरा आला आणि ती पोटरी थोडी बारीक दिसली, तरी टाळी जरा जोरात वाजवा. आपलं उणं दोनशे लोकांपुढे, टाच उचलून, पूर्ण आवळून दाखवणं याला धैर्य लागतं. पाठ दाखवणं म्हणजे पळ काढणं, असं आपली भाषा म्हणते. या एका ठिकाणी तरी तिचा अर्थ आपण बदलायला हरकत नाही.